लेखणीचाही हजेरीपट हवा

नोकरी सांभाळून नियमित लेखन करू पाहणाऱ्यांचे गणित नेमके कोठे चुकते?

जूनच्या सुमारास दिवाळी अंकांच्या संपादकांची निमंत्रणे निघू लागतात. पाऊस नुकताच सुरू झालेला असतो, दिवाळी चार महिने दूर असते आणि निमंत्रण मिळालेला नवा लेखक उत्साहाने होकार कळवतो. जुलै महिना विषयाचा विचार करण्यात जातो. ऑगस्टमध्ये कचेरीतील काम वाढते. ‘गणपती झाले की बसतोच’ असे आश्वासन संपादकांना दिले जाते. गणपती होतात, पितृपक्ष उलटतो आणि मजकूर छपाईला जाण्याची वेळ येते, तेव्हा टेबलावर दोन परिच्छेदांपलीकडे काहीही नसते. संपादक काही बोलत नाहीत. पुढच्या जूनमध्ये मात्र निमंत्रण येत नाही.

साप्ताहिक सदर लिहिण्याची संधी मिळालेल्यांचा अनुभवही फारसा वेगळा नसतो. पहिले तीन लेख मनात कित्येक वर्षे तयारच असतात, त्यामुळे ते झरझर उतरतात. चौथ्या लेखाला रात्र जागवावी लागते. सहावा लेख उशिरा पोहोचतो आणि आठव्याच्या जागी दिलगिरीचा निरोप जातो. या टप्प्यावर बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, की आपल्यात प्रतिभा नव्हती. वास्तविक त्यांच्या प्रतिभेची परीक्षा झालेलीच नसते. चुकलेले असते ते आठवड्याचे गणित.

नोकरी हाच ज्यांच्या उपजीविकेचा आधार होता, अशा अनेक लेखकांनी जगभरात आणि महाराष्ट्रातही विपुल व सातत्याने लेखन केले आहे. त्यांच्याकडे इतरांपेक्षा अधिक तास नव्हते. जे तास होते त्यांची मांडणी त्यांनी विचारपूर्वक केली होती. ही मांडणी कशी करावी लागते आणि तिची किंमत काय असते, हे समजून घेण्याजोगे आहे.

टपाल खात्यातील कादंबरीकार

या विषयातील सर्वांत तपशीलवार नोंद एका टपाल अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. अँथनी ट्रॉलप हे इंग्रज कादंबरीकार १८३४ साली, वयाच्या १९ व्या वर्षी लंडनच्या टपाल खात्यात वार्षिक ९० पौंड वेतनावर कारकून म्हणून रुजू झाले. पुढे आयर्लंडमध्ये बदली झाल्यानंतर १८४३ मध्ये त्यांनी पहिली कादंबरी लिहावयास घेतली. १८६७ साली राजीनामा देईपर्यंत त्यांनी लेखन आणि नोकरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. नोकरीही नावापुरती नव्हती. खेडोपाडीच्या टपाल वाटपाची पाहणी करण्यासाठी ते घोड्यावरून व आगगाडीने सतत फिरत असत. ब्रिटनमधील रस्त्यावरच्या टपालपेट्यांची सुरुवात १८५२ साली जर्सी बेटावर झाली, तीही त्यांच्याच शिफारशीवरून. अशा कामाच्या धबडग्यात आणि निवृत्तीनंतरच्या पंधरा वर्षांत मिळून त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

हे कसे साधले, ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत. उठवण्यासाठी आणि कॉफी आणून देण्यासाठी एका वृद्ध नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेले वाचण्यात जाई. त्यानंतर समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, या गतीने लेखन चाले. तीन तासांनी काम थांबे आणि सरकारी दिवस सुरू होई.

घड्याळापेक्षाही महत्त्वाची होती त्यांची रोजनिशी. नवी कादंबरी हाती घेतली की तिच्यासाठी आठवड्यांची एक वही आखली जाई आणि प्रत्येक दिवशी किती पाने झाली याची नोंद होई. सरासरी आठवड्याला ४० पाने, प्रत्येक पान २५० शब्दांचे, म्हणजे दहा हजार शब्द. काही आठवडे हा आकडा वीस पानांवर घसरला, तर एकदा तो ११२ पर्यंत चढला. आळसात गेलेला दिवस वहीत कोरा दिसे आणि तो कोरेपणाच दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवत असे. कारखान्यातील कामगाराची हजेरी लागते, तशी त्यांनी आपल्या लेखणीची हजेरी लावली होती.

या प्रामाणिकपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. घड्याळ लावून लिहिणारा हा कसला कलावंत, असा सूर उमटला आणि त्यांच्या प्रतिष्ठेला काही काळ धक्का बसला. तथापि, त्यांच्या कादंबऱ्या आजही छापल्या व वाचल्या जातात. लेखन कोणत्या वेळी आणि किती वेगाने झाले, यावरून त्याचा कस ठरत नाही, असे यावरून निश्चितच म्हणता येईल.

रात्रीची किंमत

याच्या नेमका उलट मार्ग फ्रान्झ काफ्का यांचा होता. प्राग येथील कामगार अपघात विमा संस्थेत ते १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीस होते. सकाळी आठ ते दुपारी दोन ही कामाची वेळ आजच्या नोकरदाराला हेवा वाटावा अशी. परंतु दुपार झोपेत व घरच्या व्यापात जाई आणि लेखन रात्री उशिरा सुरू होई. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहा वाजता ते लिहावयास बसले आणि पहाटे सहापर्यंत एका बैठकीत त्यांनी ‘निवाडा’ या अर्थाच्या शीर्षकाची कथा पूर्ण केली. झपाटलेल्या लेखनाचे हे उदाहरण नेहमीच दिले जाते.

त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. अशी रात्र पुनःपुन्हा मिळत नाही. काफ्का यांच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या आणि १९२४ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे मित्र मॅक्स ब्रॉड यांनी त्या प्रकाशित केल्या. काफ्का यांचे मोठेपण या अपूर्णतेने उणावत नाही. पण दर आठवड्याला किंवा दर महिन्याला मजकूर देण्याचे ज्याने कबूल केले आहे, त्याने झपाटलेल्या रात्रीच्या भरवशावर राहू नये, एवढे यातून स्पष्ट होते. रात्री जागून लिहिलेल्या लेखाची किंमत दुसऱ्या दिवशीच्या कामातून आणि प्रकृतीतून वसूल होते. आठवडाभर चालणारी व्यवस्था हवी असेल, तर ती झोपेवर उभी करता येत नाही.

महाराष्ट्राच्या कचेऱ्यांतून

मराठी साहित्याचा मोठा भाग नोकरदारांनीच लिहिला आहे, ही बाब सहसा लक्षात येत नाही. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि ‘रथचक्र’ (१९६२) या कोकणातील कादंबऱ्यांचे लेखक श्री. ना. पेंडसे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये नोकरी करीत होते. व. पु. काळे हे व्यवसायाने वास्तुविशारद आणि मुंबई महानगरपालिकेचे कर्मचारी. व्यंकटेश माडगूळकर यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम पाहिले. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून आणि नंतर शिक्षक म्हणून नोकरी केली. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हे त्यांचे कवितासंग्रह त्याच कष्टाच्या दिवसांशी जोडलेले आहेत.

या नावांकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. नोकरी ही लेखनाची केवळ वैरीण नसते, ती त्याला कच्चा मालही पुरवते. गिरणीचा भोंगा, शाळेची घंटा, खेड्यातून आकाशवाणी केंद्रावर आलेला शेतकरी, हे सारे लेखकाला कामाच्या वेळेतच भेटते. पूर्ण वेळ लेखन करणाऱ्याला जे शोधत हिंडावे लागते, ते नोकरदाराच्या समोर रोज उभे असते. टिपून ठेवण्याची सवय असली की झाले.

डॉ. जयंत नारळीकर यांचा किस्सा या संदर्भात बोलका आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना एका परिषदेतील कंटाळवाण्या व्याख्यानाच्या वेळी त्यांनी समोरच्या कागदांवर विज्ञानकथा लिहावयास घेतली. ‘कृष्णविवर’ ही ती कथा. नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ती १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली गेली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. प्रत्येकाला अशी संधी मिळेलच असे नाही. तरीही नोकरीच्या दिवसात सुटे क्षण असतात आणि कागद जवळ असणाऱ्यालाच ते उपयोगी पडतात, हे खरे.

आठवड्याचे १६८ तास

आता प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. आठवड्यात १६८ तास असतात. सहा दिवस आठ तासांची नोकरी धरली तर ४८ तास जातात. कल्याण, विरार किंवा पनवेलहून दक्षिण मुंबईत येणाऱ्यांचा प्रवास दोन्ही वेळचा मिळून सुमारे तीन तासांचा, म्हणजे आठवड्याला १८. सात तासांची झोप धरली तर ४९. उरतात ५३ तास. स्नान, जेवण, बाजार, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, घरातील वृद्धांचे दवाखाने, लग्नकार्ये आणि थकवा, या सर्वांना याच ५३ तासांत सामावून घ्यावयाचे असते. त्यातून लेखनासाठी चार ते पाच तास काढता आले, तर ते पुष्कळ झाले.

हे चार तास रविवारी सलग मिळतील, अशी आशा बाळगणे ही पहिली चूक. रविवार पाहुण्यांचा, झोपेचा आणि साचलेल्या कामांचा असतो. एक पाहुणा आला की संपूर्ण आठवड्याचे लेखन बुडते. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. विषय शोधणे, माहिती गोळा करणे, आराखडा करणे, लिहिणे आणि दुरुस्त करणे ही पाच निराळी कामे आहेत. त्यांना लागणारी मनाची स्थितीही निराळी असते. नवखा लेखक ही पाचही कामे एकाच बैठकीत करू पाहतो. पहिले वाक्य लिहितो, ते खोडतो, मध्येच एखादे साल तपासण्यासाठी उठतो आणि तासाभराने कोऱ्या पानाकडे पाहत ‘सुचत नाही’ असे म्हणतो. त्याला सुचत असते, फक्त त्याने रांधणे, वाढणे आणि भांडी घासणे एकाच वेळी आरंभिलेले असते.

कामे वेगळी केली की आठशे शब्दांचा साप्ताहिक लेख असा बसवता येतो. रविवारी अर्धा तास विषयाचे वाचन व टिपणे. सोमवारी अर्धा तास आराखडा, म्हणजे लेखातून सांगावयाची मुख्य गोष्ट एका वाक्यात आणि तिच्या पाठीमागे येणारे चार-पाच मुद्दे. मंगळवार, बुधवार व गुरुवार रोज पाऊण तास प्रत्यक्ष लेखन, दर दिवशी २७० शब्दांच्या आसपास. या तीन दिवसांत मागे वळून दुरुस्ती करावयाची नाही. शंका आली तर समासात खूण करून पुढे जावयाचे. शुक्रवार पूर्ण मोकळा. शनिवारी एक तास दुरुस्तीसाठी. एकूण वेळ होतो सव्वाचार तास.

यातील शुक्रवारची सुट्टी हा आळस नव्हे. लिहिल्यानंतर एक दिवस मध्ये गेला की स्वतःचाच मजकूर परक्या नजरेने वाचता येतो. लांबलेली वाक्ये, दोनदा आलेला मुद्दा, उगाच आलेले विशेषण हे सारे शनिवारी दिसते. गुरुवारी रात्री ते दिसत नसते.

आराखड्याच्या अर्ध्या तासाचे मोलही कमी लेखू नये. थकून आलेल्या माणसाला ‘काय लिहू’ हा प्रश्न पेलवत नाही, पण ‘तिसरा मुद्दा लिहावयाचा आहे’ ही सूचना पेलवते. ट्रॉलप रोज अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचत, त्याचेही कारण हेच असावे. तुटलेला धागा हाती लागला की पुढचे वाक्य आपोआप सुचते.

प्रवासाचा वेळ

महानगरातील नोकरदाराकडे दिवसातला सर्वांत मोठा मोकळा तुकडा प्रवासाचाच असतो. ट्रॉलप यांनी आगगाडीत मांडीवर ठेवण्याजोगी एक छोटी पाटी करून घेतली होती. तिच्यावर कागद ठेवून ते पेन्सिलीने लिहीत. १८५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीचा बराचसा भाग असाच रेल्वेच्या डब्यात लिहिला गेला.

मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी साडेआठला पाटी सोडाच, कोपर हलवण्याची सोय नसते. त्यामुळे प्रवासात लेखन करण्याचा हट्ट धरू नये. तेथे आराखड्याचे काम मात्र होऊ शकते. दांडीला धरून उभ्या असलेल्या माणसाला सुरुवातीचे वाक्य मनात घोळवता येते, मुद्द्यांचा क्रम लावता येतो. उतरल्याबरोबर फलाटावर दोन मिनिटे थांबून ते मोबाइलमध्ये टिपून ठेवावे. मराठीत बोललेले अक्षरांत उतरवण्याची सोय आता मोबाइलमध्ये आहे. तिच्यात चुका होतात, परंतु टिपणापुरती ती पुरेशी ठरते. परतीच्या प्रवासात जागा मिळाली तर संदर्भाचे वाचन करावे. असे झाले म्हणजे घरी पाऊण तास मिळाला तरी तो सारा लिहिण्यासाठीच वापरता येतो.

विषयांची वही आणि वर्षाचे कॅलेंडर

सातत्य तुटण्याचे आणखी एक कारण म्हणजे ऐन वेळी विषय शोधणे. यावर जुनाच उपाय आहे, तो म्हणजे विषयांची वही. वाचताना, ऐकताना, कचेरीत वा भाजी घेताना जे काही मनात अडकेल ते तारीख घालून एका ओळीत लिहावयाचे. महिन्याला वीस नोंदी झाल्या, तर त्यातील चार लेखाच्या योग्यतेच्या निघतात. उरलेल्या नोंदी वाया जात नाहीत, त्यांतील दोन-तीन एकत्र येऊन कधीतरी एखादा वेगळाच विषय तयार होतो.

वहीच्या जोडीला वर्षाचे कॅलेंडर हवे. दुर्गा भागवत यांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकात बारा महिन्यांच्या निसर्गावर लेख लिहिले. वर्ष स्वतःच लेखकाला विषय देत असते, याचे ते उत्तम उदाहरण. पंचांगातील सण, पेरणी, शाळांची सुरुवात, परीक्षा, थोरांच्या जयंत्या व पुण्यतिथ्या यांच्या तारखा आधीपासून ठाऊक असतात. त्या कॅलेंडरवर घातल्या की वर्षातले निदान दहा-बारा लेख महिनाभर आधी दिसू लागतात.

त्याच कॅलेंडरवर दुसऱ्या रंगाने आपल्या अडचणीच्या तारखाही घालाव्यात. बँकेत किंवा लेखा विभागात काम करणाऱ्याला मार्चअखेरीस लेखन जमणार नाही. शिक्षकाला उत्तरपत्रिकांच्या काळात जमणार नाही. मुलांच्या परीक्षा, घरचे गणपती, दिवाळी हे आठवडेही जवळजवळ गेलेलेच समजावेत. ही खोट आधी मान्य केली, तर ५२ लेखांचे अशक्य आश्वासन दिले जात नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने साप्ताहिकाऐवजी पाक्षिक लेखाचे वचन द्यावे, हे उत्तम. वर्षाला २६ लेख, प्रत्येकी आठशे शब्द, म्हणजे २०,८०० शब्द होतात. पाच वर्षे हा क्रम पाळला, तर शब्दसंख्या एक लाखाच्या पुढे जाते. लहान वचन पाळल्याने जे साठते, ते मोठे वचन मोडल्याने कधीच साठत नाही.

गाठीला शिल्लक

घरखर्चात जशी अडीअडचणीसाठी काही रक्कम बाजूला ठेवली जाते, तशी लेखांचीही शिल्लक असावी लागते. सदर सुरू करण्यापूर्वी किमान चार लेख पूर्ण लिहून तयार ठेवावेत. त्यातील दोन तरी कोणत्याही महिन्यात चालतील असे असावेत. तापाने अंथरूण धरले, गावाहून अचानक बोलावणे आले, कचेरीतील तपासणी लागली, तर या शिल्लकेतून एक लेख द्यावा आणि पुढील दोन आठवड्यांत तो खड्डा भरून काढावा. शिल्लक शून्यावर आली की लेखक पुन्हा रात्र जागवू लागतो आणि तेथूनच सदराची अखेर सुरू होते.

संपूर्ण कादंबरी लिहून झाल्याशिवाय तिचा एकही भाग छापावयास द्यावयाचा नाही, हा ट्रॉलप यांचा नियम होता. १८६० साली लंडनमध्ये ‘कॉर्नहिल’ हे मासिक निघाले, तेव्हा त्याच्या पहिल्या अंकापासून त्यांची ‘फ्रेमली पार्सनेज’ ही कादंबरी क्रमशः सुरू झाली. मागणी घाईची असल्याने तो नियम त्यांना मोडावा लागला आणि याची खंत त्यांनी पुढे व्यक्त केली. लेखणीवर एवढी हुकमत असलेल्या माणसालाही शिल्लकेशिवाय लिहिणे असुरक्षित वाटत होते, ही बाब नवोदितांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

नियम काय सांगतात?

नोकरदाराच्या लेखनाला कायद्याचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास नोकरीवर बालंट येऊ शकते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू आहेत. आपल्या कर्तव्यात बाधा येणार नाही या अटीवर साहित्यिक, कलात्मक वा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करण्याची मुभा त्यात आहे. मात्र, लिहिलेली मते आपली वैयक्तिक आहेत, शासनाची नव्हेत, हे कर्मचाऱ्याने स्पष्ट करावयाचे असते. सरकारच्या धोरणावर टीका करण्यास मनाई आहे आणि नियतकालिक चालवण्यासाठी किंवा त्याचे संपादन करण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. नियमात ‘प्रासंगिक’ हा शब्द असल्याने मानधन घेऊन दर आठवड्याला लिहावयाचे असेल, तर आधी वरिष्ठांना लेखी विचारणे हिताचे ठरते.

खासगी नोकरीत नियुक्तिपत्रातील अटी पाहाव्यात. अन्य उत्पन्नास मनाई करणारे कलम अनेक पत्रांत असते. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार सेवेच्या ओघात निर्माण झालेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. आपल्या वेळेत, आपल्या साधनांवर लिहिलेल्या ललित लेखाला सामान्यतः ही अडचण येत नाही. परंतु कचेरीच्या संगणकावर, कचेरीच्या वेळेत, कचेरीच्याच माहितीवर लेख लिहिणाऱ्याने वाद ओढवून घेतलेला असतो. ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी वा सहकारी ओळखू येतील असे तपशील लेखात येऊ न देणे, हे तर नियम नसते तरी पाळावयास हवे.

हा वेळ कोणाचा?

या सर्व हिशेबात एक रकमेची नोंद बहुधा राहून जाते. ट्रॉलप यांचे आगगाडीतील पेन्सिलीचे लेखन नंतर शाईने उतरवून काढण्याचे काम त्यांच्या पत्नी करीत. पहाटेची कॉफी दुसरे कोणी आणून देत असे. पहाटे तीन तास टेबलाशी बसणाऱ्याच्या घरातील चूल दुसरे कोणीतरी पेटवत असते. नोकरी करणाऱ्या स्त्रीने लिहावयाचे ठरवले, तर तिला हा आधार क्वचितच मिळतो. तिच्या आठवड्यातील ५३ तासांतून स्वयंपाक व घरकाम वजा होते आणि सव्वाचार तासांऐवजी दोन तासही हाती लागत नाहीत. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात अध्यापन व संशोधन करीत असताना ‘युगान्त’ (१९६७) लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांच्यासारखी उदाहरणे मराठीत आहेत. पण त्यांचा गौरव करून इतर घरांतील वाटणीचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून लेखनाचे वेळापत्रक घरातील सर्वांसमोर मांडून ठरवावे. मंगळवार ते गुरुवारची पाऊण तासाची वेळ पक्की झाली, की त्या वेळी भांडी, मुलांचा अभ्यास किंवा दरवाजावरची बेल कोण पाहणार, हेही त्याच वेळी ठरले पाहिजे. त्या बदल्यात लिहिणाऱ्याने कोणता वेळ घराला द्यावयाचा, तेही. ज्याला पाऊण तास हवा आहे त्याने पाऊण तासानंतर उठलेच पाहिजे. ‘आणखी पाचच मिनिटे’ म्हणत रोज रात्रीचे अकरा वाजू लागले, तर दोन महिन्यांत घर कुरकुरू लागते आणि लेखन थांबते. सातत्याला वेळेवर बसणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर उठणेही.

सुरुवात कोठून?

हे सारे एकदम करावयाचे म्हटले तर तेही एक मोडणारे वचनच ठरेल. पहिल्या महिन्यात फक्त दोन गोष्टी कराव्यात. विषयांची वही सुरू करावी आणि आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, पाऊण तास लिहावे. किती शब्द झाले ते दिनदर्शिकेच्या चौकोनात मांडावे. जमले नाही त्या दिवशी शून्य लिहावे, चौकोन रिकामा सोडू नये. महिन्याच्या अखेरीस या आकड्यांची बेरीज केली की आपला खरा वेग कळतो. तो वेग जेवढा असेल, त्याच्या तीन चतुर्थांश एवढेच वचन संपादकांना द्यावे.

या पद्धतीने लिहिलेला प्रत्येक लेख उत्तम होईल, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. वेळापत्रकाने शैली येत नाही की विचार सखोल होत नाहीत. मात्र शैली घडण्यासाठी जेवढे लिहावे लागते, तेवढे हातून लिहून होण्याची व्यवस्था त्यातून होते. आजपासून दर मंगळवारी लिहिणाऱ्याच्या हाती जूनमध्ये निमंत्रण येईल तेव्हा एक भरलेली वही आणि चार तयार लेख असतील. त्याला गणपती होण्याची वाट पाहावी लागणार नाही.